आंबेकोंडचा डोंगर

आमच्या गडचिरोलीकडची माणसं कोकणात जातात ती समुद्र बघायला. मी गेले ती एक डोंगर बघायला, आणि तोही तोडायला काढलेला.

बोलावणं विजयाचं होतं. तरुणपणी ती आमच्या गावच्या उपकेंद्रात नर्स होती. मग लग्न होऊन रायगडात गेली, पण मैत्री टिकली. आमच्या ग्रामसभेनं जंगल हातात घेतलं, बांबू आम्हीच तोडायला आणि आम्हीच विकायला लागलो, वणव्यासाठी पाळ्या लावल्या, हे सगळं ती फोनवर ऐकत आली होती. माघात तिचा फोन आला. "कुसुम, आमच्या वरचा डोंगर ठेकेदाराला चाललाय. तू ये नि आमच्या माणसांशी बोल. मी बोलले तर घरचीच म्हणून कुणी ऐकत नाही."

मी वाळवलेली मोहफुलं पिशवीत भरली आणि निघाले.

आगरदांडा ते दिघी

मुरूडपुढे आगरदांड्याला एसटीतून उतरले, तर कंडक्टर म्हणाला, "दिघीला ना? मग जंगलजेट्टीनं जा." मला वाटलं, जंगलातून जाणारी एखादी वाट असेल. धक्क्यावर जाऊन बघते तर लोखंडाचा एक सपाट तराफा, त्यावर जीप, मोटारसायकली, बर्फाच्या लाद्या भरलेला टेम्पो आणि माणसं. गाड्या वाहून नेणाऱ्या त्या बोटीलाच इथले लोक जंगलजेट्टी म्हणतात. का म्हणतात, ते मला कुणीच सांगू शकलं नाही.

तरी जंगल दिसलंच. खाडीच्या दोन्ही अंगांना चिखलात झाडं उभी होती, बुटकी, दाट, तेलकट पानांची. ओहोटी होती. झाडांच्या भोवती चिखलातून शेकडो मुळं बोटांसारखी वर आली होती. मुळं खाली जातात एवढंच मला आयुष्यभर माहीत. ही वर येऊन श्वास घेत होती. मी कठड्याला टेकून बघत राहिले आणि धक्का आला तरी हलले नाही. पलीकडे उभी असलेली विजया हात हलवून हलवून दमली.

"ती तिवरं," ती म्हणाली. "त्यांना हात लावायला बंदी आहे आता."

"आणि तुमच्या डोंगराला?"

"डोंगर मालकीचा. तिथंच तर सगळं अडलंय."

रिक्षातून वर आंबेकोंडला जाताना तिनं समजावून सांगितलं. आमच्याकडे जंगल सरकारचं, आणि गावानं त्यावर आपला हक्क मिळवला. इथं डोंगरच्या डोंगर भावकीच्या नावावर. दर काही वर्षांनी ठेकेदार येतो, वनखात्याची परवानगी वगैरे सगळी धावपळ तोच करतो आणि उभी झाडं सरसकट कापून जळणासाठी नेतो. या वेळी विजयाच्या घराचा वाटा आणि तिचे चुलत दीर हरीभाऊ यांचा वाटा मिळून मोठा तुकडा जाणार होता. बाकीचे घरवाले हरीभाऊंच्या तोंडाकडे बघत होते.

रात्रीच्या जेवणाला तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण होतं. आमच्याकडे नदीतले झिंगे खातात, पण नारळाच्या रसातली ही चव वेगळीच. मी दोनदा वाढून घेतलं. हरीभाऊ ओळख करून घ्यायला आले होते. साठीचे, काटक, कमरेला आकडीत कोयता. मी त्यांच्या हातावर भाजलेली मोहफुलं ठेवली.

त्यांनी चावून बघितली. "ह्याचीच दारू करतात ना?"

"करतात. लाडूही करतात. पण पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात."

ते हसले. "सकाळी डोंगरावर चला, ताई. आधी बघा, मग बोला."

डोंगरावर

तोडायच्या तुकड्याच्या हद्दीवरच्या झाडांवर चुन्याचे पट्टे ओढलेले होते. आत ऐन, किंजळ, हिरडा, मध्येच जांभूळ. जमिनीवर करवंदीला पांढरी फुलं आलेली. झाडं सगळी एकाच वयाची, पोटरीएवढी नाहीतर मांडीएवढी. मी पुस्तकी बाई नाही; चाळीस पावसाळे जंगलात चालले आहे. हे एकदम कापलेलं आणि एकदम वाढलेलं रान आहे, हे मला सांगावं लागलं नाही.

हरीभाऊ एका बुंध्यापाशी थांबले. जुना ऐन केव्हातरी कापला होता आणि त्याच्या कडेनं नवी खोडं उठली होती.

"बघा. ऐन तोडला तर मरत न्हाय. माझ्या आज्यानं तोडला, बापानं तोडला, मीपण एकदा तोडलाय. परत फुटतो. मग तुमची विजया मला खुनी काय म्हणून म्हणते?"

"मी असं कधी म्हटलं?" विजया म्हणाली.

"तोंडानं न्हाय म्हटलंस."

झाड तोडू नका, असं सांगायची तयारी करून मी आले होते. त्या बुंध्यासमोर ते भाषण मी मनातल्या मनात मोडून टाकलं. हरीभाऊंचं म्हणणं खरं होतं. आम्हीसुद्धा बांबू तोडतोच, आणि नेमानं तोडतो म्हणून तो येतो.

"तोडण्याबद्दल माझं भांडण नाही, भाऊ," मी म्हणाले. "पण सगळं एकदम उघडं केलं की पहिल्या पावसात माती कुठं जाते?"

मग त्यांनी खालच्या ओहोळाकडे बोट दाखवलं. "ह्या पऱ्ह्याला पूर्वी शिमगा उलटला तरी पाणी असायचं. आता दगड दिसतात. आणि माती माझ्याच खाचरात येते, सांगतो की. गेल्या तोडीनंतर दोन वर्षं खाचर उपसत होतो."

पऱ्ह्याच्या वरच्या टोकाला देवराई होती. तिथं कुणीच कधी कोयता लावला नाही. आत शिरलो आणि ऊन संपलं. गारंबीच्या वेली माणसाच्या मांडीएवढ्या जाड, या झाडावरून त्या झाडावर गेलेल्या, आणि त्यांच्या शेंगा माझ्या हातापेक्षा लांब. वर शेकरूनं काटक्यांचं घरटं बांधलं होतं. ते तांबूस जनावर फांदीवर पालथं पडून आमच्याकडे बघत होतं. देवराईच्या पोटात, दगडांच्या खोबणीत, पाणी होतं. थंड आणि स्वच्छ.

हरीभाऊ पाण्याशी बसले. "हे सगळं मला दिसतं, ताई. मी आंधळा न्हाय. पण माझा पोरगा पनवेलला कंपनीत जातो, एका खोलीत चारजण राहतात. तोडीच्या पैशातून त्याला टेम्पो घेऊन द्यायचा नि घरी आणायचा, असं मनात हाय. डोंगर राखायचा नि पोरं पनवेलला. मग राखायचा कोणासाठी?"

विजया माझ्याकडे बघायला लागली. ती मला याच क्षणासाठी घेऊन आली होती. मी म्हणाले, "चांगला प्रश्न आहे. मला एक दिवस द्या." उत्तर कुठेतरी असणार याची मला खात्री होती. आमच्या गावातही हाच प्रश्न सगळ्यांत आधी आला होता. जंगलातून काय मिळतं हे नुसतं जंगलाकडे बघून कळत नाही. ज्याला हवं आहे त्याला जाऊन भेटावं लागतं.

कोळीवाड्यात

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाई नावाची कोळीण मासे घेऊन आली. विजयाशी तिची जुनी ओळख. ओट्यावर टोपली उतरवतानाच तिची तक्रार सुरू झाली. "बोंबील लय आलंत, बाय, पन सुकवाया जागा नाय. वलांडी मोडलीय. वासं मिलत नाय."

"कसले वासे?" मी विचारलं.

उत्तर देण्याऐवजी ती मला सोबतच घेऊन गेली. खाली किनाऱ्यावर लांबच लांब वलांड्या होत्या: उभे खांब, त्यांना बांधलेले आडवे वासे, त्यांवर दोरीगणिक बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगलेले. वाऱ्यावर ते सगळे एकाच दिशेला झुलत होते. वास असा की पहिल्यांदा मी पदर नाकाला लावला. थोड्या वेळानं विसरून गेले.

हिराबाईचा नवरा नामदेव बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. जाळं शिवत बसला होता. मोडलेले वासे त्यानं मला पायानं सरकवून दाखवले. कुठून कुठून ट्रकनं येणारं ते लाकूड, हलकं आणि वाकडं. खारं वारं लागलं की एका हंगामात कुजतं.

"ऐनाचा वासा मिळाला तर?" मी विचारलं.

"ऐन?" त्यानं सुई थांबवली. "ऐन हाय कुटं आता? ऐन सगला जलनात जातो."

मी वर डोंगराकडे बघितलं. मधलं अंतर असं कितीसं होतं. एका गावाला वासे हवेत, दुसऱ्याकडे ते उभे आहेत, आणि दोघांमधून जळणाचे ट्रक जातात. मी विजयाला तिथूनच फोन लावला आणि म्हणाले, "मिळालं." ती म्हणाली, "आधी वर ये. धूर दिसतोय."

आग

कोकणातल्या राबाबद्दल मी ऐकलं होतं, बघितला नव्हता. भाताचं रोप जिथं टाकायचं त्या तुकड्यावर फांद्या, पाला, शेण पसरून पावसाआधी भाजतात. आमच्याकडे ही पद्धत नाही. विजयाच्या शेजारच्या गणपतनं सकाळी राब भाजला, वर पाणीही मारलं आणि जेवायला गेला. दुपारी समुद्रावरचं वारं सुटलं. राखेखालची ठिणगी बांधावरच्या गवतात गेली आणि तिथून डोंगराला.

मी पोचले तेव्हा आग खालच्या उतारावर होती आणि वर चढत होती. गावातली माणसं, बायका हिरवे डहाळे घेऊन कडेकडेनं झोडपत होती. गणपत सगळ्यांत पुढे होता, वेड्यासारखा. समोरून आग धरायला कुणी जात नव्हतं, जाऊ शकतही नव्हतं. वर चुन्याचे पट्टे ओढलेलं रान होतं आणि त्याच्यावर देवराई.

मी हरीभाऊंना गाठलं. "पायवाटेवरून उलटी आग लावू. खालची आग वर येण्याआधी मधलं गवत जाळून टाकू."

"येडं का काय? वारा वर चाललाय. तुमची आग आपल्याच अंगावर येईल."

"आमच्याकडे लावतो आम्ही."

"तुमच्याकडे सपाटी हाय, ताई. हा डोंगर हाय."

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण ते हटणार नव्हते. मी उताराकडे नीट बघितलं आणि मला त्यांचं पटलं. पायवाट वीतभर रुंद. त्या वाऱ्यात ठिणगी ती सहज ओलांडली असती. मला अडवलं नसतं तर मी देवराई स्वतःच्या हातानं पेटवली असती.

"मग रुंद पट्टा कुठं मिळेल? जिथं जळायला काहीच नाही?"

त्यांनी क्षणभर डोळे बारीक केले. "वरती कातळ हाय, रानाच्या खालच्या कडेला. दोन कातळ. मधी थोडं गवत."

आम्ही धावलो. काळ्या दगडाचे दोन मोठे उघडे सडे उतारावर आडवे पसरले होते, आणि त्यांच्यामध्ये अंगणाएवढी गवताची फट. बायकांनी तिथला पाला, गवत, काड्या हातांनी, डहाळ्यांनी, कुणी पदरानं ओढून साफ केलं. जमीन उघडी पडली. मी काडीपेटी घेऊन खालच्या कडेला उभी राहिले.

"आता?" हरीभाऊ म्हणाले.

"अजून नाही. मोठी आग जवळ आली की ती स्वतःकडे हवा ओढते. तेव्हा."

थांबणं अवघड होतं. धुरानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि माझ्या चपलेचा तळ तापून मऊ झाला होता. विजयानं माझा दंड धरला. मग गवताची पाती वर न वाकता एकदम खाली, आगीकडे, वाकली. मी काडी लावली. थोडी, मग पुढे थोडी. आमची आग आधी भांबावल्यासारखी जागच्या जागी वळवळली आणि मग उतारानं खाली निघाली. दोन्ही आगी भेटल्या तेव्हा मोठा आवाज झाला, आणि त्यानंतर जळायला काही उरलं नाही.

एक ठिणगी उडून देवराईच्या कडेला पडली होती. ती गणपतनं बघितली. तिच्यावर तो अक्षरशः आडवा पडला.

सगळं शांत झाल्यावर आम्ही देवराईतल्या पाण्याशी बसलो. तोंडं काळी, आवाज बसलेले. माझी एक चप्पल वितळून वाकडी झाली होती, विजयाच्या पदराला भोकं पडली होती. गणपत लांब, पाठ फिरवून बसला होता. त्याला कुणी काही बोललं नाही, आणि ते न बोलणंच त्याला जड जात होतं. हरीभाऊ उठले, पानाच्या द्रोणात पाणी भरून घेऊन गेले आणि त्याच्याशेजारी बसले.

"पी. राब मीपण दुपारच्या आधी भाजलाय कित्येकदा. माझं नशीब, वारा उशिरा आला."

गणपत पाणी प्यायला आणि रडला. हरीभाऊ उठून आले नाहीत. तो थांबेपर्यंत तिथंच बसून राहिले. विजयाला मी म्हणाले, "या माणसाशी मला भांडायचंच नाही." ती म्हणाली, "मी तरी कुठं भांडतेय. मला तो डोंगर हवाय, आणि हा दीरही."

देवळात

बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी गावदेवीच्या देवळात झाली. ठेकेदारालाही बोलावलं होतं. मला वाटलं होतं तसा तो नव्हता. साधा, हिशेबी, मुलीच्या परीक्षेमुळे लवकर जायचंय म्हणणारा माणूस. मी वाशांची गोष्ट मांडली. डोंगराचे आडवे पट्टे करायचे, दरवर्षी एकच पट्टा घ्यायचा, तोही सरसकट नाही. प्रत्येक बुंध्यावर दोन सरळ खोडं ठेवायची, बाकीची वासे म्हणून विकायची. पऱ्ह्याच्या दोन्ही काठांना हात लावायचा नाही. परवानगीसाठी वनखात्याच्या कचेरीत गावानं स्वतः जायचं.

"तिथं चकरा कोण मारणार?" मागून कुणीतरी म्हणालं.

"मी," विजया म्हणाली. "सरकारी नोकरीत आयुष्य गेलंय माझं. कचेरीतल्या बाकावर बसायची मला सवय आहे."

लोक हसले. मग सगळे हरीभाऊंकडे बघायला लागले.

ते उभे राहिले. "विकायचं तर हाय. पण सगळं न्हाय. काल आग वर येत होती तेव्हा मी टेम्पोचा विचार करत नव्हतो. पाण्याचा करत होतो." त्यांनी बायकोकडे बघितलं. "टेम्पो एकदम येणार न्हाय. उशिरा येईल. पोराला तसं सांगेन."

ठेकेदारानं चहा संपवला. "मला तुकडा परवडत नाही, भाऊ. ट्रक भरला पाहिजे." राग नव्हता त्यात. त्यानं सगळ्यांना नमस्कार केला आणि मोटारसायकल काढली. ती जाईपर्यंत सगळे तिकडेच बघत होते. हातातला एक नक्की व्यवहार वळणावरून दिसेनासा होत होता, आणि त्याच्या जागी अजून काहीच आलेलं नव्हतं. हरीभाऊंच्या बायकोनं कप गोळा करायला घेतले तेव्हा कुठं माणसं हलली.

समुद्रातून

दुसऱ्या दिवशी हिराबाई आणि नामदेव वासे बघायला वर आले. नामदेव प्रत्येक ऐनाला थापट्या मारत, मान वाकडी करून सरळपणा बघत चालला होता. त्याला माल पसंत होता, हे तो काही बोलत नव्हता यावरूनच कळत होतं. देवराईच्या कडेला पोचल्यावर मात्र तो थांबला आणि मागे वळून समुद्राकडे बघायला लागला. बराच वेळ.

"काय झालं?" हरीभाऊंनी विचारलं.

"काय नाय. आयुष्यभर हे रान तिकडून बघतोय. इकडून पयल्यांदा बघतो."

"तिकडून? समुद्रातून?"

"मंग? पानी गढूल असलं, यंत्र बंद पडलं, का ह्योच बघायचा. ह्यो काला ठिपका दिसला का खाडीचं तोंड घावतं. माजा बापूस ह्योच बघून यायचा."

हरीभाऊ देवराईकडे आणि समुद्राकडे आळीपाळीनं बघत राहिले. जन्म या डोंगरावर गेलेला माणूस, आणि हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. "मग सांगायचं की कधीतरी," ते म्हणाले.

"तू इचारलंस कवा?"

मी निघणार होते त्या दिवशी नामदेवनं आम्हाला बोटीत घेतलं. विजयाला उलट्या झाल्या, मला नाही, याचा मला आजही अभिमान आहे. हरीभाऊ बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेपाशी, दोन्ही हातांनी कठडा धरून बसले होते. ते याआधी समुद्रात कधीच गेले नव्हते. किनारा मागे पडला. वलांड्या, नारळी, घरं एकमेकांत मिसळून एक रेघ झाली. डोंगर बसका होत गेला, बाकीच्या डोंगरांत हरवायला लागला. नामदेवनं यंत्र बंद केलं आणि बोट दाखवलं.

आधी मला काही सापडेना. मग दिसला. फिक्या, वाळलेल्या उतारांच्या रांगेत एक छोटासा गडद ठिपका, आणि त्याच्याखाली त्या आगीचा राखाडी डाग. दोघांमधली रेघ स्वच्छ होती.

हरीभाऊ कितीतरी वेळ बघत होते.

"एवढाच दिसतो?" त्यांनी विचारलं.

"एवढाच," नामदेव म्हणाला. "पुरतो."